चोविसावी गोष्ट

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या कपाटात दाखल नोंदवह्या ठेवलेल्या आहेत. शाळा सुरू झाल्यापासून आलेल्या प्रत्येक पुस्तकाला त्यांत एक क्रमांक मिळालेला आहे. शाई फिकी झाली आहे, एका वहीला मध्यंतरी वाळवीही लागली होती. तरी पन्नास वर्षांपूर्वी कोणते पुस्तक किती रुपयांना घेतले, हे आजही दोन मिनिटांत सांगता येते.

याच ग्रंथालयातल्या बाईंनी काही वर्षांपूर्वी एक उपक्रम केला. सहावी ते आठवीच्या मुलांकडून त्यांनी वाचलेल्या पुस्तकांवर छोटी टिपणे लिहून घेतली आणि ती आंतरजालावरच्या एका मोफत विकीवर चढवली. तीन वर्षांत शे-दीडशे टिपणे झाली. मग ती सेवा बंद पडली. बंद होणार असल्याची पत्रे ज्या ई-मेल खात्यावर येत होती, ते खाते बाई क्वचितच उघडत. आज त्या पत्त्यावर काहीही नाही.

बाईंनी दोष स्वतःकडे घेतला. "मला ते नीट जमलं नाही," असे त्या म्हणाल्या. मला ते पटले नाही. विकी कशी उघडायची, पान कसे जोडायचे, चित्र कसे लावायचे हे सारे त्यांना उत्तम जमले होते. जे जमले नाही, ते त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. एका शिबिरात त्यांच्या हाती 'ग्रंथपालांसाठी नवी साधने' अशी यादी दिली गेली होती. तिच्यात साधने होती, ती सोडण्याची वेळ आल्यावर काय करायचे हे नव्हते. अशा याद्या देण्याची पद्धत कुठून आली याचा शोध घेताना मी एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासक्रमापाशी पोहोचलो. त्यात घेण्यासारखे बरेच आहे आणि एक मोठी उणीवही आहे. म्हणून त्याचे हे परीक्षण.

यादीचा जन्म

२००६ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या शार्लट-मेकलेनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलीन ब्लोअर्स तंत्रज्ञान विभाग सांभाळत होत्या. आंतरजालाचे रूप तेव्हा पालटत होते. आधी संकेतस्थळ म्हणजे कोणीतरी तयार केलेले पान. आपण ते फक्त वाचायचे. आता वाचणाराच लिहू लागला होता, छायाचित्रे चढवू लागला होता. ग्रंथालयात येणारा वाचक या साधनांविषयी विचारील, तेव्हा तिथल्या माणसांनी ती निदान एकदा हाताळलेली असावीत, एवढा साधा हेतू ठेवून ब्लोअर्स यांनी तेवीस गोष्टींची यादी केली. स्टीफन एब्रम यांनी त्याच वर्षी 'करून पाहण्याजोग्या त्रेचाळीस गोष्टी' या धर्तीचा एक लेख लिहिला होता, त्यावरून ही कल्पना सुचली.

मुदत नऊ आठवड्यांची होती. वर्ग नाही, व्याख्याता नाही, परीक्षा नाही. तिसऱ्या गोष्टीत प्रत्येकाने स्वतःचा ब्लॉग उघडायचा आणि पुढची प्रत्येक गोष्ट करून झाली की तिथे चार ओळी लिहायच्या. मग छायाचित्रांसाठी फ्लिकर, बातम्या गोळा करण्यासाठी ब्लॉगलाइन्स, पुस्तकांची यादी करण्यासाठी लायब्ररीथिंग, दुव्यांवर खुणेचे शब्द लावण्यासाठी डेलिशस, ब्लॉग शोधण्यासाठी टेक्नोराती, विकीसाठी पीबीविकी, लेखनासाठी झोहो रायटर, शेवटी यूट्यूब, पॉडकास्ट आणि नेटलायब्ररीतली ध्वनिपुस्तके असा क्रम होता. मुदतीत सारे पूर्ण करणाऱ्याला एक एमपी-३ प्लेअर बक्षीस.

मूळ श्रेय देऊन कोणालाही वापरता येईल अशा मुक्त परवान्याखाली हा अभ्यासक्रम ठेवलेला होता. त्यामुळे अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी तो आपापल्या सोयीने बदलून घेतला. कॅलिफोर्नियातल्या शालेय ग्रंथपालांच्या संघटनेने २००७ मध्ये खास शाळांसाठी त्याची आवृत्ती काढली.

काय चांगले जमले?

आपल्याकडचे नेहमीचे प्रशिक्षण आठवून पाहा. साठ शिक्षक बाकांवर, एक पडदा, आणि तज्ज्ञ भराभर माउस फिरवताहेत. घरी गेल्यावर आठवते ते फक्त चहापान. शार्लटच्या अभ्यासक्रमाने हा प्रकार मुळातच टाळला. प्रत्येकाने आपल्या वेळेला, आपल्या हाताने, चुकत चुकत करायचे. पोहायला शिकण्याची दुसरी रीत नाही, तसेच हे.

दुसरी चांगली गोष्ट ब्लॉगची. शिकणारा काय शिकला हे दुसऱ्याने तपासण्याऐवजी त्याने स्वतःच लिहून ठेवायचे, आणि सहकाऱ्यांनी ते वाचायचे. कुठे अडले हेही त्यात येते. विज्ञानाच्या प्रयोगवहीचे जे काम, तेच या नोंदींचे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडली. सुरुवातीलाच आजन्म शिकणाऱ्या माणसाच्या 'साडेसात सवयी' सांगितल्या आहेत. सात सवयी गंभीर आहेत. उरलेली अर्धी सवय आहे खेळणे. मोठ्या माणसांना खेळण्याची परवानगी द्यावी लागते, हे ओळखणारा अभ्यासक्रम विरळाच.

याचा परिणामही दिसला. ऑस्ट्रेलियातल्या सार्वजनिक ग्रंथालयांमध्ये मायकेल स्टीफन्स आणि वॉरन चीथम यांनी अशा अभ्यासक्रमांची पाहणी केली. साधने रोजच्या वापरात राहोत वा न राहोत, नव्या गोष्टीला हात घालण्याचा आत्मविश्वास मात्र वाढला, असा तिचा सूर आहे. ही लहान कमाई नव्हे.

साधने गेली, मांडणी उरली

आता यादीतल्या साधनांचे पुढे काय झाले ते पाहू. ब्लॉगलाइन्स बंद करण्याचे तिच्या मालकांनी २०१० मध्ये जाहीर केले. अनेकजण गूगल रीडरकडे वळले. तो १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. टेक्नोरातीने ब्लॉग शोधून देण्याचे काम २०१४ मध्ये थांबवले. डेलिशस २००५ मध्ये याहूने घेतली, २०११ मध्ये विकली, आणि २०१७ मध्ये आणखी एका मालकाकडे जाऊन तिथे नव्या नोंदी घेणे थांबले. नेटलायब्ररी २०१० मध्ये दुसऱ्या कंपनीत गेली आणि तिचे नाव पुसले गेले. फ्लिकर टिकली, पण २०१९ पासून मोफत खात्यावर एक हजार छायाचित्रांची मर्यादा आली. लायब्ररीथिंग, झोहो आणि यूट्यूब मात्र चालू आहेत.

कोणी म्हणेल, २००६ मध्ये हे कोणाला ठाऊक होते? कोणती सेवा बंद पडेल हे ठाऊक नव्हते हे खरे. पण एखादी तरी बंद पडणारच, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ग्रंथपालाच्या धंद्यात तर हा विचार रोजचा. पुस्तक फाटते, हरवते, भिजते. म्हणून नोंदवही वेगळी ठेवतात.

आठवी गोष्ट उदाहरणादाखल घेऊ. तिचे नाव आरएसएस. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एका जागी वाचता येतात, एवढे शिकणाऱ्याला कळते. पण हे घडते कसे? संकेतस्थळ आपल्या पानांशेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवते. तिच्यात प्रत्येक नव्या लेखाचे शीर्षक, पत्ता आणि तारीख ठरावीक खुणांमध्ये लिहिलेली असते. आपला वाचक-प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने ती फाइल मागवतो, आधीच्या नोंदींशी ताडून पाहतो आणि नवे तेवढे दाखवतो. नियतकालिकांचा कोणता अंक आला, कोणता राहिला याचे पत्रक आपले ग्रंथपाल ठेवतात, तेच काम इथे यंत्र करते.

या मांडणीचे नियम जाहीर आहेत, ते पाळणारा कोणताही प्रोग्राम ती फाइल वाचू शकतो. म्हणून ब्लॉगलाइन्स गेली तरी आरएसएस गेले नाही. एकविसाव्या गोष्टीतले पॉडकास्ट आजही मुख्यतः याच मांडणीवर चालतात. नोंदीत लेखाऐवजी ध्वनिफितीचा पत्ता असतो, एवढाच फरक. म्हणजे आठवी आणि एकविसावी गोष्ट आतून एकच आहे. गूगल रीडर बंद झाला तेव्हा ज्यांनी आपल्या वर्गण्यांची यादी फाइलरूपात उतरवून घेतली होती, त्यांनी ती दुसऱ्या प्रोग्राममध्ये घातली आणि त्यांचे वाचन पुढे चालू झाले. इतरांना आठवेल तेवढे पुन्हा गोळा करावे लागले.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. तेवीस गोष्टींपैकी बहुतेक गोष्टी आत कसे शिरायचे ते शिकवतात. घातलेले बाहेर कसे काढायचे, यासाठी तेवीसपैकी एकही गोष्ट राखलेली नाही.

शंभर नोंदींचे गणित

तेरावी गोष्ट खुणेच्या शब्दांची. इंग्रजीत त्यांना टॅग म्हणतात. फळीवर पुस्तकाला एकच जागा असते. सापांवरचे पुस्तक प्राणिशास्त्रात ठेवले की सर्पदंशावरचे प्रथमोपचार शोधणाऱ्याला ते सापडत नाही. ही अडचण जुनी आहे. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यात एका विषयाचे अनेक पैलू वेगळे करून पुन्हा जोडण्याची सोय होती. टॅगमध्ये मात्र तज्ज्ञ लागत नाही. ज्याला जो शब्द सुचेल तो त्याने लावायचा, हवे तितके लावायचे.

यातून गोंधळ माजायला हवा. पण डेलिशसवर तसे झाले नाही. स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की एखाद्या पानाची सुमारे शंभर जणांनी नोंद केली की त्यावरच्या टॅगांचे परस्परप्रमाण जवळजवळ स्थिर होते. याची दोन कारणे त्यांनी सुचवली : लोक एकमेकांचे पाहून शब्द लावतात, आणि लोकांचे ज्ञानही बरेचसे सामाईक असते.

पहिले कारण समजावे म्हणून त्यांनी पोल्या या गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगाचा दाखला दिला आहे. तो वर्गात करता येतो. एका पिशवीत एक लाल आणि एक पांढरा मणी घाला. आकार सारखाच हवा. न पाहता एक मणी काढा. तो परत टाका आणि त्याच रंगाचा आणखी एक मणी पिशवीत घाला. असे शंभर वेळा करा. सुरुवातीला लाल-पांढऱ्याचे प्रमाण खूप हेलकावे खाते, मग हळूहळू एका जागी ठरते. आता वर्गाचे सहा गट करून हाच प्रयोग सहा पिशव्यांवर करा. प्रत्येक पिशवीत प्रमाण ठरेल, पण प्रत्येक पिशवीचे वेगळे! कुठे लाल ऐंशी टक्के, कुठे तीस. ते बहुतांशी पहिल्या काही काढण्यांतल्या योगायोगाने ठरलेले असते.

यातून ग्रंथपालाला दोन गोष्टी कळतात. एक, पुष्कळ लोकांचे एकमत दिसले म्हणजे ते बरोबरच असते असे नाही. निव्वळ अनुकरणानेही स्थिरता येते. दुसरी आपल्या जास्त कामाची. शाळेतले एखादे पुस्तक वर्षाकाठी दहा-बारा मुले वाचतात. तिथे शंभर नोंदी होणार कधी? लाखो लोकांच्या गर्दीत जे आपोआप जुळते, ते शाळेच्या ग्रंथालयात आपोआप जुळणार नाही. मुलांनी टॅग लावावेत, पण ते अधूनमधून नीट लावण्याचे काम बाईंनाच करावे लागेल. अभ्यासक्रम टॅग लावायला सांगतो आणि पुढे जातो. अशी एखादी पिशवी त्यात असती तर किती बहार आली असती!

आपल्या भाषेची भर

हा अभ्यासक्रम इंग्रजी वाचकांसाठी होता, तेव्हा मराठीची अडचण त्याने सांगावी अशी अपेक्षा नाही. ती आपणच जोडून घ्यायला हवी.

एका मुलाने 'साप' हा टॅग लावला, दुसऱ्याने 'सर्प', तिसऱ्याने 'सापांविषयी', चौथ्याने 'सापाची माहिती'. यंत्राच्या दृष्टीने ही चार वेगळी नावे. इंग्रजीतही एकवचन-अनेकवचनाचा घोळ होतो. पण मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात आणि मूळ शब्द सामान्यरूपात बदलतो, त्यामुळे एका नामाची कितीतरी रूपे होतात. उपाय सोपा आहे : टॅग नेहमी मूळ रूपात, एकवचनात लिहायचा, हे वर्गात एकदा ठरवून घ्यायचे. व्याकरणाच्या तासाला सामान्यरूप कशासाठी शिकायचे, याचे उत्तरही मुलांना इथे मिळते.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'दऱ्या' हा शब्द घ्या. युनिकोड या पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो : 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतले क्रमांक मात्र वेगळे. शोधणाऱ्या प्रोग्रामने याची काळजी घेतलेली नसेल, तर एका तऱ्हेने लिहिलेले पुस्तक दुसऱ्या तऱ्हेने शोधताना सापडत नाही. पुस्तक कपाटात आहे, यादीत आहे, आणि यंत्र 'नाही' म्हणते!

युनिकोडच्या आधीच्या काळातल्या याद्यांची गत तर आपल्याला माहीतच आहे. त्या वेळच्या अनेक फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी यादी उघडली की नुसत्या रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फाइल शाबूत आहे, मजकूर वाचता येत नाही. म्हणजे घातलेले बाहेर काढता येणे पुरेसे नाही. बाहेर काढलेले दुसरीकडे वाचताही आले पाहिजे.

नवी यादी करताना

आज अशी यादी कोणी केली तर तिच्यात प्रश्नांना उत्तरे देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्राम नक्की असतील. पुढच्या दहा वर्षांत त्यांतली नावेही बदलतील. म्हणून प्रत्येक साधनापाशी थांबून चार प्रश्न विचारावेत. यातले आपण घातलेले सारे बाहेर काढता येते का? ते दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडते का? मराठी शब्द नीट शोधता येतो का? आणि मुलांची नावे यात कुठे जातात? शेवटचा प्रश्न आता केवळ सावधगिरीचा राहिलेला नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. उत्तरे देणाऱ्या प्रोग्रामला पाचवा प्रश्नही विचारावा : हे कुठून घेतले ते दाखवता का? तो तर ग्रंथपालाचा नेहमीचाच प्रश्न आहे.

तुम्ही म्हणाल, नवख्या माणसाला आधीच एवढे प्रश्न घातले तर तो यंत्राला हातच लावणार नाही. हे खरे आहे, आणि ब्लोअर्स यांनी खेळाला जागा दिली ती यासाठीच. म्हणून माझी सूचना प्रश्नांनी सुरुवात करण्याची नाही. तेवीस गोष्टी खेळतच कराव्यात, पण पाचवी किंवा सहावी झाली की मध्येच एक चोविसावी गोष्ट घालावी : आतापर्यंत घातलेले सारे उतरवून घ्या, दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून वाचा, आणि मग ते खाते स्वतःच्या हाताने बंद करा. हाही एक खेळच आहे. तो एकदा केला की सेवा बंद पडण्याची भीती उरत नाही. बाईंना हा खेळ कोणी शिकवला असता तर दीडशे टिपणे गेली नसती, आणि 'मला जमलं नाही' असे म्हणण्याची वेळही आली नसती. सवयींच्या यादीत अडचणींकडे आव्हान म्हणून पाहण्याची एक सवय आहे. पण 'माझ्या नोंदी कुठे राहतील?' असे विचारणारा जुना ग्रंथपाल अडचणींना घाबरत नसतो. तो आपले काम करीत असतो. त्याची ही शंका अभ्यासक्रमाच्या मध्यभागी हवी होती.

बाईंनी काम सोडलेले नाही. मुलांनी आधी पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेली चाळीसएक टिपणे एका गठ्ठ्यात सापडली. आता त्या ती एका साध्या तक्त्यात टंकतात. एका टिपणाला एक ओळ, आणि पहिल्या रकान्यात पुस्तकाचा दाखल क्रमांक. मुलांची पूर्ण नावे त्यात नसतात. फाइलीच्या प्रती दोन ठिकाणी ठेवलेल्या आहेत. त्यातली निवडक टिपणे त्या आंतरजालावर चढवतात, उद्या तिथून गेली तरी चालेल अशा बेताने. वर्षअखेर सगळ्या टिपणांची छापील प्रत बांधून दाखल नोंदवहीशेजारी ठेवायची, असे ठरले आहे.

मण्यांचा प्रयोग आम्ही आठवीच्या वर्गात करून पाहिला; दोन तास पुरतात. सहाही गटांचे आकडे दर दहा काढण्यांनंतर फळ्यावर मांडा आणि त्यांचे आलेख एकाच कागदावर काढायला लावा. कोणता रंग जिंकणार याच्या पैजा मुले आपणहून लावतात. पैज कितव्या काढण्यानंतर लावणे शहाणपणाचे, हे त्यांनाच विचारा.